नवं वर्ष कधी लागतं, हे ठरवलं कोणी?

प्रश्न तसे तीन आहेत. नवीन वर्ष साजरं करण्याची प्रथा मुळात कुठे आणि कशी सुरू झाली? १ जानेवारी इंग्रजांनी आणली आणि पाडवा तेवढा आपला, हे कितपत खरं? आणि जाता जाता विचारलेला तिसरा: शके १५५१ मध्ये ७८ मिळवले की १६२९ येतात, मग शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा कसा?

माझं काम मोडी कागद वाचण्याचं. अक्षर लागायला लागलं की खरी अडचण सुरू होते ती तारखेची. कागदावर वर्ष एका पद्धतीचं, महिना दुसऱ्याच पद्धतीचा, आणि वर्ष नेमकं कोणत्या दिवशी पालटतं हे ठाऊक नसेल तर अख्खी घटना बारा महिने पुढेमागे सरकते. त्यामुळे वर्षारंभाकडे मी सण म्हणून कमी आणि दप्तरी निर्णय म्हणून जास्त पाहतो. उत्तरातही तोच कल दिसेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आकाशात वर्ष कुठेच सुरू होत नाही. सूर्य फिरत राहतो, चंद्र कलेकलेने वाढतो-घटतो, आणि त्यातला एक दिवस उचलून ‘इथून मोजा’ असं कोणीतरी सांगतं. हे सांगणारा बहुतेक वेळा सारा घेणारा असतो, नाहीतर गादीवर बसलेला, नाहीतर पूजा सांगणारा. त्या दिवशी जे केलं जाई ते मुख्यतः एखादा करार नव्याने करणं असे: राजाचा देवाशी, अधिकाऱ्याचा राज्याशी, मालकाचा गड्याशी. गोडधोड, रोषणाई, मिरवणूक ही त्यावर नंतर चढली.

सगळ्यात जुना ठोस पुरावा मेसोपोटेमियातला, म्हणजे आजच्या इराकमधला. ‘अकितु’ नावाचा उत्सव तिथे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या सहस्रकापासून सापडतो. उर शहरात तो वर्षातून दोनदा होई, एकदा बार्लीच्या कापणीच्या सुमारास आणि एकदा पेरणीच्या. पुढे बाबिलोनमध्ये तो वसंतातल्या निसान महिन्याच्या आरंभाला बांधला गेला आणि अकरा-बारा दिवस चालू लागला. चौथ्या दिवशी सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य मर्दुक देवासमोर म्हटलं जाई. पाचव्या दिवसाचा विधी मात्र विलक्षण आहे. पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेई, त्याच्या थोबाडीत मारी आणि कान धरून त्याला देवापुढे गुडघे टेकायला लावी. मी पाप केलं नाही, बाबिलोनचं नुकसान केलं नाही, असं राजाने म्हणायचं. मग चिन्हं परत मिळत आणि आणखी एक थप्पड बसे. राजाच्या डोळ्यात पाणी आलं तर देव प्रसन्न, नाही आलं तर शत्रू चालून येणार. (हा तपशील ज्या मृत्तिकापट्टांवर आहे ते बरेच उत्तरकालीन, ग्रीक अमलातले आहेत, पहिल्यापासून सलग असंच चाललं असं त्यावरून म्हणता येत नाही.)

त्या राज्यात राजाची वर्षंही निसानपासूनच मोजत. राजा मधेच गादीवर आला तर उरलेले महिने ‘राज्यारोहणाचे’ म्हणून वेगळे धरत; त्याचं पहिलं वर्ष पुढच्या निसानपासून. नबोनिडस हा राजा काही वर्षं बाबिलोन सोडून अरबस्तानातल्या तैमा इथे जाऊन राहिला. त्या काळाच्या बखरीत वर्षामागून वर्ष एकच नोंद येते: राजा निसानमध्ये बाबिलोनला आला नाही, अकितु झाला नाही. राजाच जागेवर नाही तर करार कोणाशी करणार? शेवटी तो परतला, इसवी सनापूर्वी ५३९ मध्ये अकितु रीतसर झाला, आणि त्याच वर्षीच्या शरदात इराणचा सायरस बाबिलोनमध्ये शिरला. थोबाडीत खाऊनही उपयोग झाला नाही म्हणायचा.

इजिप्तची गोष्ट थोडक्यात. तिथे वर्ष नाईलच्या पुराशी जोडलेलं होतं आणि पुराची चाहूल देणारा तारा व्याध. सूर्याच्या तेजात काही आठवडे हरवलेला व्याध पहाटे पुन्हा दिसला की वर्ष लागे. पण दप्तरासाठी त्यांनी सरसकट ३६५ दिवसांचं वर्ष धरलं, तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच दिवस. पाव दिवस सोडून दिल्यामुळे दप्तरातलं वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस ताऱ्यापासून सरकत गेलं. सरकू दिलं, बदललं नाही. हिशेबाला ठरावीक लांबीचं वर्ष सोयीचं असतं, मग ऋतूंचं काहीही होवो.

आता १ जानेवारी. ही तारीख ना इंग्रजांची, ना ख्रिस्ती धर्माची. ती रोमन लोकांची आहे आणि तिच्यामागे स्पेनमधली एक लढाई आहे.

रोमचं जुनं वर्ष मार्चपासून मोजत. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत सात, आठ, नऊ, दहा हे आकडे आहेत, ते त्याच मोजणीचे. पण रोमन माणूस ‘अमुक आकड्याचं साल’ असं म्हणत नसे. वर्षाला नाव असे ते त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांचं. कॉन्सल म्हणजे दरवर्षी निवडले जाणारे राज्याचे सर्वोच्च अधिकारी. म्हणून कॉन्सल ज्या दिवशी कामावर रुजू होत, त्या दिवशी वर्षाचं नाव बदले. हा दिवस काही दशकं १५ मार्च होता. इसवी सनापूर्वी १५४ मध्ये स्पेनमध्ये सेगेदा नावाच्या गावाने तटबंदी वाढवायला घेतली. रोमने हरकत घेतली, गावाने ऐकलं नाही. सैन्य पाठवायचं ठरलं, पण सेनापती असणार नवा कॉन्सल आणि तो रुजू होणार मार्चच्या मध्यावर. तिथून फौज उभारून स्पेनला पोचेपर्यंत मोहिमेचा हंगाम निम्मा सरणार. म्हणून इसवी सनापूर्वी १५३ पासून कॉन्सलांनी १ जानेवारीलाच सूत्रं हाती घ्यावीत असं ठरलं. इतकी घाई करून गेलेल्या कॉन्सल फुल्वियुस नोबिलिओरचा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सणसणीत पराभव झाला. मोहीम फसली, तारीख राहिली.

‘साजरं करणं’ कुठून आलं हेही इथे दिसतं. त्या दिवशी नवे कॉन्सल मिरवणुकीने कॅपिटोल टेकडीवर जात, ज्युपिटरला पांढरे बैल बळी देत, आणि मागच्या वर्षी बोललेले नवस फेडून पुढच्या वर्षासाठी नवे बोलत. लोक एकमेकांना शुभशकुनाच्या भेटी देत: अंजीर, मध, पुढे नाणी. जॅनस हा दोन तोंडांचा दारांचा देव आणि त्याच्यावरून जानेवारी, ही कथा सगळ्यांना माहीत असते. ती खोटी नाही. पण १ जानेवारीला वर्ष लागण्याचं कारण जॅनस नव्हे, कॉन्सलचा पदभार आहे.

ज्युलियस सीझरने तारीख बदलली नाही, गोंधळ निस्तरला. अधिक महिना घालण्याचं काम रोमन पुरोहितमंडळाकडे होतं आणि ते मंडळ राजकारण्यांनीच भरलेलं. आपला माणूस पदावर असेल तर वर्ष लांबवायचं, नसेल तर अधिक महिना टाळायचा, असले प्रकार चालत. ऋतू आणि महिने इतके फाकले होते की ते जुळवण्यासाठी इसवी सनापूर्वीचं ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. त्यानंतरच्या १ जानेवारीपासून ३६५ दिवस आणि दर चौथ्या वर्षी एक जादा, ही व्यवस्था लागू झाली. आपल्याकडे अधिक महिना गणिताने पडतो, कोणाच्या मर्जीने नाही, ही पंचांगाची जमेची बाजू इथे नोंदवायला हरकत नाही.

यानंतर जे झालं ते ‘१ जानेवारी म्हणजे ख्रिस्ती नववर्ष’ म्हणणाऱ्यांनी नीट वाचावं. ख्रिस्ती युरोपाने हीच तारीख कित्येक शतकं बाजूला ठेवली. चर्चला तो दिवस मूर्तिपूजकांच्या धांगडधिंग्याचा वाटे. मग कोणी नाताळला वर्ष धरलं, कोणी ईस्टरला, कोणी २५ मार्चला, म्हणजे मेरीला देवदूताने येशूच्या जन्माची वार्ता दिली त्या दिवशी. व्हेनिसचं वर्ष १ मार्चला लागे. पिसा आणि फ्लॉरेन्स ही एकाच अर्नो नदीवरची दोन शहरं. दोघांचंही वर्ष २५ मार्चलाच बदले, पण एकमेकांपासून अख्ख्या एका वर्षाच्या फरकाने. पिसाचा व्यापारी नदीकाठाने वर फ्लॉरेन्सला आला की वर्षभर मागे जाई. हा प्रकार १७४९ पर्यंत चालू होता.

फ्रान्सने १ जानेवारी पुन्हा स्वीकारली १५६४ च्या राजाज्ञेने, स्कॉटलंडने १६०० पासून. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दहा दिवस वगळले, ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. रशियाची कथा सगळ्यात मासलेवाईक. तिथे वर्ष सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोजत आणि ते १ सप्टेंबरला लागे. पीटर द ग्रेटने डिसेंबर १६९९ मध्ये फर्मान काढलं की येत्या १ जानेवारीपासून १७०० साल लागेल. सृष्टीचं ७२०८ वं वर्ष त्यामुळे चार महिन्यांतच आटोपलं. त्याच फर्मानात दारांवर पाइन, स्प्रूस आणि ज्युनिपरच्या फांद्या लावा, बंदुकांचे बार काढा, एकमेकांना शुभेच्छा द्या, असं सगळं लिहून दिलेलं होतं. नववर्षाचा आनंद सरकारी हुकमाने साजरा झाल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आणि इंग्लंड? ज्यांनी ही तारीख ‘आणली’ असं आपण म्हणतो, त्या इंग्रजांचं स्वतःचं कायदेशीर वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला लागत होतं. १७५१ हे साल २५ मार्चला सुरू झालं आणि ३१ डिसेंबरला संपवलं गेलं, २८२ दिवसांत. पुढच्या वर्षी त्यांनी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आणून अकरा दिवस वगळले. म्हणजे प्लासीच्या लढाईच्या आधी जेमतेम पाच-सहा वर्षं त्यांनी १ जानेवारी कायद्याने घेतली. ब्रिटनचं आयकराचं वर्ष आजही ६ एप्रिलला लागतं, ते या जुन्या २५ मार्चचंच सरकलेलं रूप.

आता आपल्याकडे. इथेही ‘वर्षारंभ अनादि काळापासून चैत्रात’ असं समजण्याचं कारण नाही. वेदांगज्योतिष या कालगणनेच्या प्राचीन ग्रंथात पाच वर्षांचं युग माघ शुद्ध प्रतिपदेला, उत्तरायणाच्या आरंभी सुरू होतं. ब्राह्मणग्रंथांत वसंताला ऋतूंचं मुख म्हटलंय आणि फाल्गुनी पौर्णिमेला संवत्सराची पहिली रात्र. मार्गशीर्षाचं जुनं नाव आग्रहायण. महिन्यांमध्ये मी मार्गशीर्ष, असं गीतेत येतं, आणि अमरकोशाची महिन्यांची यादीही मार्गशीर्षापासून सुरू होते. हे वेगवेगळे उल्लेख कसे लावायचे यावर लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ लिहिलं आणि शं. बा. दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त त्याचा तपशीलवार ऊहापोह केला. टिळकांनी काढलेल्या काळाबद्दल मतभेद आहेत. पण वर्षारंभ एकाच जागी खिळलेला नव्हता, एवढं या उल्लेखांवरूनच दिसतं.

चैत्र पक्का झाला तो ज्योतिषगणिताच्या सिद्धान्तग्रंथांच्या काळात. सूर्याचा मेषप्रवेश ज्या चांद्रमासात होतो तो चैत्र, आणि त्याची शुद्ध प्रतिपदा हा वर्षारंभ. मेषसंक्रांत तेव्हा वसंतसंपाताच्या जवळ होती, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याच्या सुमाराला. आता ती १३-१४ एप्रिलला येते, त्यामुळे पाडवा साधारण मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कुठेही पडतो. निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजणाऱ्या गणितात आरंभबिंदू कुठे धरायचा यावर वाद आहेच. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी अधिक महिना वेगळा पडतो आणि त्यांचे सण शेजाऱ्यांच्या सणांपासून महिनाभर दूर जातात, ते याच कारणाने.

शकाचं म्हणाल तर त्याची गणना इ. स. ७८ पासूनची. बदामीच्या चालुक्य पुलकेशी पहिल्याच्या शिलालेखात शकवर्ष ४६५, म्हणजे इ. स. ५४३, असा स्वच्छ उल्लेख आहे. त्यात शालिवाहन नाही. जुने लेख ‘शकनृपकाल’ म्हणतात. शालिवाहनाचं नाव पुष्कळ शतकांनी जोडलं गेलं आणि मातीच्या सैनिकांची कथा त्या नावामागून आली. विक्रम संवताचा प्रकार आणखी वेगळा. गुजरातेत ते कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागतं, आपल्या दिवाळी पाडव्याला. उत्तरेत चैत्रातच लागतं, पण तिथले महिने पौर्णिमेला संपतात. त्यामुळे चैत्राचा वद्य पक्ष आधी येतो आणि चैत्र निम्मा सरल्यावर नवं वर्ष उजाडतं. आपल्याला हे विचित्र वाटतं. बनारसच्या माणसाला आपले महिने विचित्र वाटत असतील.

गुढीबद्दलही लगेच सांगतो. तिच्यामागे सांगितल्या जाणाऱ्या कथांत वर्षाशी थेट जोडलेली एकच, ती महाभारताच्या आदिपर्वातली. उपरिचर वसू राजाला इंद्राने वेळूची काठी दिली, आणि संवत्सर सरल्यावर राजाने ती जमिनीत रोवून तिची पूजा केली. पुढे राजे ती वस्त्रं-माळांनी सजवून उभारू लागले. ज्ञानेश्वरीत आणि चोखोबांच्या अभंगात गुढी येते ती आनंदाची, विजयाची म्हणून; तिथे ती पाडव्याला बांधलेली नाही.

मराठ्यांच्या दप्तरात एका वेळी किती नवी वर्षं नांदत होती, ते पाहिलं की ‘आपलं वर्ष कोणतं’ हा प्रश्न विचारायचा धीर होत नाही.

धर्मकृत्यं, दानपत्रं, लग्नमुंजी यांना शालिवाहन शक, चैत्रारंभी. सावकारी वह्यांना बऱ्याच ठिकाणी कार्तिक. आणि रोजच्या राज्यकारभाराला, पत्रांना, जमाखर्चाला शुहूर सन. हा सुहूर किंवा अरबी सनही म्हणवतो, आणि मृगसालही. तो मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ च्या सुमारास दख्खनेत सुरू झाला असं मानतात. कारण साधं होतं. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, ऋतूंमधून सरकत जाणारं. शेतकरी सारा देणार पीक आल्यावर. मग हिजरी ७४५ चा आकडा तसाच उचलला आणि तिथून पुढे वर्ष सौरमानाने मोजायला सुरुवात केली. आरंभ कुठे? सूर्य मृग नक्षत्रात जातो तिथे. दख्खनच्या शेतीचं वर्ष तिथूनच लागतं, हे कुणब्याला सांगावं लागत नाही. शिवकाळात जुन्या इंग्रजी गणनेने हा दिवस २४ मेच्या आसपास येई, आजच्या गणनेने ७-८ जून.

आकडे मात्र अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. नवशिक्याची दांडी इथेच उडते. त्याहून मोठी मेख महिन्यांत आहे. वर्ष सौर, पण पत्रावरचा दिवस ‘छ ५ रमजान’ (छ म्हणजे चंद्र) असा हिजरी चांद्रमासाचा. सौर वर्ष चांद्रवर्षापेक्षा अकरा दिवसांनी मोठं, म्हणून एकाच शुहूर सनात तोच महिना, तीच तारीख दोनदा येऊ शकते. अशा वेळी जंत्री, म्हणजे तारखांचं कोष्टक, दोन उत्तरं देते आणि पत्रातल्या मजकुरावरून, थंडी की पाऊस, कोण कुठल्या मुक्कामी, यावरून निवड करावी लागते.

त्यात शिवाजी महाराजांनी स्वतःचा शक सुरू केला. शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, हा राज्याभिषेकाचा दिवस. राज्याभिषेक शकाचं वर्ष पाडव्याला बदलत नाही, मृगालाही नाही, त्या त्रयोदशीलाच बदलतं. सार्वभौम राजाने काळाची मोजणी आपल्यापासून सुरू करायची, हा त्यातला अर्थ त्या काळच्या कोणत्याही दरबाराला न सांगता कळणारा होता. पेशव्यांच्या सनदांवरही हा शक मानाने लिहिलेला दिसतो. (आपण ६ जून म्हणतो ती तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पद्धतीची. गोव्याच्या पोर्तुगिजांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जून होता.)

एकच दिवस घेऊन पाहा, पानिपतचा: १४ जानेवारी १७६१. शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी. विक्रम संवत १८१७. राज्याभिषेक शक ८७. शुहूर ११६१. दख्खनी फसली (हाही साऱ्याच्या हिशेबाचा सन) ११७०. हिजरी ११७४. शुहूर आणि हिजरी १३४४ साली एकाच आकड्यावर होते. ४१७ वर्षांत तेरा वर्षांचं अंतर पडलं. इतक्या पद्धती एकत्र चालू असताना कुलकर्ण्याला किंवा कारकुनाला अडचण झाली असावी असं कागदांवरून मुळीच वाटत नाही. ज्या कामाला जे वर्ष, ते तो लिही.

मग साजरं काय करत? पाडव्याला गुढी, कडुनिंबाची पानं गूळ-जिऱ्याबरोबर, आणि पंचांगश्रवण. गावचा जोशी देवळात बसून संवत्सरफल वाची: यंदा राजा कोण, मंत्री कोण, मेघ कोणता, पाऊस किती. ज्या वारी पाडवा त्या वाराचा ग्रह वर्षाचा राजा. २०२५ चा पाडवा रविवारी आला, म्हणून तेव्हा राजा रवी. या फलांवर माझा विश्वास नाही, पण वर्षाच्या पहिल्या दिवशी कारभार कोणाकडे हे जाहीर करायचं, ही कल्पना रोमच्या कॉन्सलांना ओळखीची वाटली असती. विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचं साल पाडव्याला संपतं, हिशेब होतो, नवा बोल ठरतो, किंवा गडी दुसरं घर धरतो. खानदेशात हाच व्यवहार आखाजीला, अक्षय्य तृतीयेला होतो. नववर्षाचं मूळ रूप मला या व्यवहारात जितकं स्पष्ट दिसतं तितकं गुढीतही दिसत नाही.

रस्त्यावरची शोभायात्रा मात्र अगदी अलीकडची. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस नववर्ष स्वागतयात्रा काढली, पुढे ठाणे, गिरगाव, पुणे आणि परदेशातली मराठी मंडळं. नऊवारी, फेटा, ढोलताशा हे सगळं त्या यात्रेने पाडव्याला दिलं. काही लोक याला १ जानेवारीची नक्कल म्हणून नाकं मुरडतात. मला त्यात वावगं वाटत नाही. प्रत्येक नववर्षाचा थाट कोणीतरी कधीतरी नव्याने घातलेलाच आहे. फक्त ‘पूर्वापार चालत आलेली’ असं तिला म्हणू नये. १ जानेवारीनेही इथे मुळं धरली आहेतच. गोव्यात ३१ डिसेंबरला पोरं गवत-चिंध्यांचा म्हातारा करतात, रस्त्यावर वर्गणी मागतात आणि मध्यरात्री त्याला जाळतात. जुनं वर्ष जाळण्याचा हा प्रकार तिथला झालेला आहे.

याउलट एक वर्षारंभ सरकारने पूर्ण शास्त्रशुद्ध ठरवून दिला आणि तो कोणी साजराच केला नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशातली तीसेक पंचांगं तपासली आणि २२ मार्च १९५७ पासून १ चैत्र १८७९ हा राष्ट्रीय दिनदर्शिकेचा पहिला दिवस ठरला. ऋतूंशी तो पक्का बांधलेला आहे, दरवर्षी २२ मार्चलाच, लीप वर्षी २१ ला. आकाशवाणी ती तारीख सांगते, राजपत्रावर ती छापली जाते, आणि १ चैत्रला कोणाच्या घरी साधी पोळी लाटली जात नाही. कारण त्या दिवशी कोणाचा पगार ठरत नाही, कर भरला जात नाही, वही बदलत नाही. सरकारी पैशाचं वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला लागतं, आणि ३१ मार्चच्या रात्री बँकेत दिवे जळत असतात ते त्यापायी.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की १ जानेवारी इंग्रजी राज्याबरोबर आपल्या कचेऱ्यांत आली हे खरं, पण ती त्यांचीही नव्हती. पाडवा आपला खराच, पण तो आपला एकमेव वर्षारंभ कधीच नव्हता.

राहिला तिसरा प्रश्न. शक आणि इसवी सन यांतलं अंतर वर्षभर सारखं राहत नाही. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, आणि १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९, कारण मध्ये इसवी सन बदललेला असतो आणि शक अजून तोच असतो. महाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. म्हणजे वर्षाचं अगदी शेपूट. शके १५५२ चा पाडवा पंधरवड्याच्या आत आला होता. म्हणून १५५१ अधिक ७९, बरोबर १६३०. १९ फेब्रुवारी ही तारीखही जुन्या पद्धतीची, ग्रेगरीच्या गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. आणि सुरतेच्या वखारीतल्या इंग्रज कारकुनाने त्याच दिवशी पत्र लिहिलं असतं, तर २५ मार्चला महिनाभर अवकाश असल्यामुळे त्याने साल १६२९ च घातलं असतं. वखारीच्या कागदांत जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर साल कधी मागचं, तर कधी १६६३/६४ असं दुहेरी दिसतं ते यामुळे. जानेवारी १६६४ मधल्या सुरतेच्या पहिल्या लुटीची इंग्रजी पत्रं वाचताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर लूट वर्षभर आधी झाली असा समज होईल. शुहूर सनालाही असाच दुहेरी नियम आहे: मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.